विश्लेषण : शंभर वर्षांचे मूकपट घरच्या पडद्यावर कसे येतात? भारतीय मूकपट त्यात मोजकेच का?

चार्ली चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ शंभरी पूर्ण करताना ‘फोर के’ रूपात नव्याने झळकला. अबेल गान्स यांचा ‘नेपोलियन’ सुमारे सात तासांच्या आवृत्तीत परत आला. एकीकडे जुने मूकपट टीव्हीवर आणि मोबाइलवर पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागले आहेत. दुसरीकडे भारतातील मूकपटांपैकी बहुतांश कायमचे गेले आहेत. जे उरले ते का उरले आणि घरापर्यंत पोहोचणारी प्रत कशी तयार होते, याचा आढावा.

आताच चर्चा कशामुळे?

‘द गोल्ड रश’ २६ जून १९२५ रोजी हॉलीवूडमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. मे २०२५ मध्ये कान महोत्सवात त्याची ‘फोर के’ आवृत्ती सादर झाली. चॅप्लिन यांनी १९४२ मध्ये या चित्रपटाला नवे रूप दिले होते. संवादपाट्या काढून त्यांनी स्वतःच्या आवाजात निवेदन आणि संगीत घातले, शेवटही बदलला. पुढे अनेक वर्षे हीच आवृत्ती अधिकृत मानली गेली. १९२५ मध्ये प्रेक्षकांनी पाहिलेला चित्रपट नंतर वेगवेगळ्या प्रती एकत्र करून पुन्हा उभा करावा लागला.

‘नेपोलियन’ हा १९२७ चा चित्रपट. फ्रान्समधील सिनेमातेक फ्रान्सेज या संस्थेच्या पुढाकाराने त्यावर दीड दशकाहून अधिक काळ काम चालले. २०२४ मध्ये कान येथे त्याचा पहिला भाग आणि नंतर पॅरिसमध्ये संपूर्ण चित्रपट दाखवण्यात आला. त्याआधी २०१६ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने साडेपाच तासांची वेगळी आवृत्ती ब्लू-रेवर आणली होती. म्हणजे एकाच चित्रपटाच्या दोन मोठ्या आवृत्त्या, दोन संस्थांच्या आणि वेगवेगळ्या लांबीच्या. यातली ‘खरी’ कोणती, या प्रश्नातूनच मूकपटांच्या जतनातील अडचणी समजू लागतात.

मूकपट किती उरले आहेत?

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९१२ ते १९२९ या काळातील १०,९१९ अमेरिकी कथापटांची मोजणी झाली. त्यापैकी जवळपास ७० टक्के पूर्णपणे नष्ट झाले आहेत. मूळ ३५ मिमी स्वरूपात संपूर्ण उरलेले चित्रपट केवळ १,५७५, म्हणजे १४ टक्के. आणखी ११ टक्के चित्रपट पूर्ण आहेत, मात्र ते परदेशी आवृत्तीच्या किंवा २८ मिमी, १६ मिमीसारख्या लहान फिल्मच्या रूपात. बाकीचे अपुरे आहेत.

भारतातील चित्र अधिक विदारक आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या आकडेवारीनुसार देशात १,३०० हून अधिक मूकपट तयार झाले, पण उरले तीसच्या आत. त्यातलेही अनेक तुकड्यांत आहेत. टक्केवारीत सांगायचे तर शंभरातले जेमतेम दोन.

इतके चित्रपट नष्ट कसे झाले?

पहिले कारण रासायनिक. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेते, आणि जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवत असल्याने एकदा पेटली की विझवणे जवळपास अशक्य होते. आग लागली नाही तरी ती हळूहळू कुजते, आधी चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. उष्णता आणि दमटपणा हे तिचे मोठे शत्रू. मुंबई किंवा कोलकात्यासारख्या हवेत या फिल्मचे आयुष्य आणखी कमी होणार हे उघडच आहे. पुण्यात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत ६०० हून अधिक चित्रपटांची नायट्रेट रिळे भस्मसात झाली.

दुसरे कारण आर्थिक. फिल्मवरील प्रतिमा चांदीच्या कणांनी बनते. बोलपट आल्यावर मूकपटांना मागणी उरली नाही, रिळांचे डबे मात्र जागा अडवत राहिले. ती वितळवून चांदी काढणे अनेकांना फायद्याचे वाटले. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याचीही एकही प्रत आज उपलब्ध नाही.

तिसरे कारण प्रतींच्या संख्येचे. मोजक्या प्रती गावोगावी चालून झिजत. मूळ निगेटिव्ह गेली आणि फिरती प्रत फाटली की चित्रपट संपला.

घरगुती प्रतींनी चित्रपट कसे वाचवले?

मूकपट घरी पाहण्याची कल्पना टीव्हीपेक्षाही जुनी आहे. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९१२ मध्ये २८ मिमीचा आणि १९२२ मध्ये ‘पाथे बेबी’ या नावाने ९.५ मिमीचा घरगुती प्रोजेक्टर आणला. पाठोपाठ १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिमी फिल्म बाजारात आणली. घरात आग लागू नये म्हणून या लहान फिल्म नायट्रेटऐवजी न पेटणाऱ्या ‘सेफ्टी’ फिल्मवर निघत. श्रीमंत घरांत पाहुण्यांसमोर, मुलांच्या वाढदिवशी दाखवण्यासाठी गाजलेल्या चित्रपटांच्या छोट्या आवृत्त्या विकत किंवा भाड्याने मिळू लागल्या.

त्या वेळी कोणाच्याही मनात जतनाचा विचार नव्हता. पण थिएटरमधील नायट्रेट प्रती जळाल्या, कुजल्या किंवा चांदीसाठी वितळल्या, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतील या घरगुती प्रती उरल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अभ्यासातील ‘पूर्ण, पण मूळ रूपात नाही’ या ११ टक्क्यांमध्ये अशा प्रतींचा वाटा आहे. अमेरिकेतील मूकपट-संगीतकार बेन मॉडेल यांनी २०१३ मध्ये केवळ १६ मिमी प्रतींत उरलेल्या विस्मृत चित्रपटांची डीव्हीडी लोकवर्गणीतून काढली. तिला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच ‘अपघाताने वाचलेले’ असा होतो.

‘नेपोलियन’ची गोष्टही अशाच एका घरगुती प्रोजेक्टरपासून सुरू होते. १९५४ च्या सुमारास केव्हिन ब्राउनलो या शाळकरी ब्रिटिश मुलाला या चित्रपटाची ९.५ मिमीची दोन छोटी रिळे मिळाली. ती पाहून भारावलेल्या या मुलाने पुढे आयुष्यभर चित्रपटाचे उरलेले भाग शोधले. १९८० मध्ये लंडनमध्ये त्याने जोडलेली आवृत्ती वाद्यवृंदासह दाखवली गेली. २०१६ ची ब्लू-रे त्याच कामाचा पुढचा टप्पा होती.

फ्रित्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’लाही (१९२७) लहान फिल्मनेच हात दिला. प्रदर्शनानंतर लवकरच या चित्रपटाला मोठी कात्री लावण्यात आली आणि कापलेला भाग गेला असे मानले जात होते. २००८ मध्ये अर्जेंटिनातील बुएनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिमीची जवळपास संपूर्ण प्रत सापडली. तिच्यातून सुमारे २५ मिनिटांचे दृश्य परत मिळाले आणि २०१० मध्ये बर्लिनमध्ये नवी आवृत्ती दाखवली गेली. ती प्रत इतकी ओरखडलेली होती, की आजही चित्रपट पाहताना परत मिळालेला भाग चटकन ओळखू येतो. ओरखडे पूर्णपणे पुसायला गेले असते तर चेहऱ्यांवरचे बारकावेही पुसले गेले असते.

रिस्टोरेशनमध्ये नेमके काय करतात?

सर्वसाधारण समज असा की जुनी फिल्म स्कॅन करायची आणि संगणकावर साफ करायची. प्रत्यक्षात निम्मे काम त्याआधीचे असते. जगभरातील संग्रहांत त्या चित्रपटाच्या प्रती कुठे आहेत, हे शोधले जाते. मग प्रत्येक प्रतीतील दृश्ये एकेक करून ताडून पाहिली जातात. मूकपटांच्या काळात अनेकदा परदेशी बाजारासाठी वेगळी निगेटिव्ह बनवत. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याने किंवा दुसऱ्या टेकमधून ती तयार होई. त्यामुळे दोन देशांतील प्रती वरवर सारख्या दिसल्या तरी त्यात अभिनेत्याचा हात वेगळ्या क्षणी हललेला असतो. कोणती प्रत प्रमाण मानायची, हे सेन्सॉरची कागदपत्रे, पटकथा, संगीताच्या वह्या यांवरून ठरवावे लागते.

त्यानंतर फिल्म हाताने दुरुस्त होते. फाटलेली कडेची भोके जोडणे, जुने सांधे पक्के करणे आणि आक्रसलेली फिल्म स्कॅनरमधून जाईल इतपत सरळ करणे हे सगळे त्यात येते. स्कॅन करताना फिल्म विशिष्ट द्रवातून नेली तर तळावरचे बारीक ओरखडे द्रवाने भरतात आणि प्रतिमेत दिसत नाहीत. पुढे संगणकावर थरथर, चमचम, धूळ आणि डाग कमी केले जातात.

यातली माहिती किती अवाढव्य असते, हे साध्या गणितातून कळते. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने ९० मिनिटांच्या चित्रपटात ९७,२०० फ्रेम होतात. पूर्ण ‘फोर के’ स्कॅनची एक फ्रेम साधारण ५१ मेगाबाइटची, म्हणजे अख्खा चित्रपट जवळपास पाच टेराबाइट. ब्लू-रे डिस्कमध्ये मावतात ५० गिगाबाइट. घरी येणारी डिस्क म्हणजे मूळ स्कॅनच्या जेमतेम शंभराव्या भागात दाबून बसवलेली माहिती. स्ट्रीमिंगवर ती आणखी आकसते.

मूकपटांतील माणसे धावत का सुटतात?

जुना मूकपट म्हटला की तुरुतुरु पळणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. हा दोष बहुतेक वेळा चित्रपटाचा नसून तो दाखवणाऱ्या यंत्राचा असतो. मूकपटांना ठरावीक वेग नव्हता. कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि वेग सेकंदाला १६ ते २४ फ्रेमच्या दरम्यान कुठेही असे. विनोदी चित्रपटांत तो मुद्दाम कमी ठेवून हालचाली जलद केल्या जात. बोलपट आल्यावर आवाजासाठी २४ हा वेग पक्का झाला. मग १६ फ्रेमने चित्रित केलेले रीळ २४ च्या यंत्रावर चालवले की सगळे दीडपट वेगाने पळू लागते.

‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ लांबी सुमारे ३,७०० फूट होती. १६ फ्रेमच्या वेगाने तो एक तासाहून थोडा जास्त चालतो. तोच २४ च्या वेगाने दाखवला तर जेमतेम ४१ मिनिटांत संपतो. योग्य वेग ठरवणे हा म्हणूनच रिस्टोरेशनमधील महत्त्वाचा निर्णय ठरतो. घरी आणखी एक अडचण येते. ब्लू-रेच्या मानकात १८ किंवा २० फ्रेमचा वेगच नाही. त्यामुळे १८ चे २४ करण्यासाठी प्रत्येक तिसरी फ्रेम दोनदा दाखवावी लागते. बारकाईने पाहिल्यास हालचालीत बारीकसा धक्का जाणवतो, तो याचा.

रंग आणि संगीत कुठून येतात?

मूकपट कृष्णधवल होते, हेही अर्धसत्य आहे. अनेक प्रती रंगात बुडवून काढत. रात्रीसाठी निळा, दिव्याच्या उजेडासाठी पिवळसर, आगीसाठी लाल. पुढे संग्रहालयांनी नायट्रेटवरून कृष्णधवल फिल्मवर प्रती काढल्या तेव्हा हे रंग गळले. भर दुपारी चोरपावलांनी चालणारा माणूस पाहून प्रेक्षक बुचकळ्यात पडतो, पण मूळ प्रतीत ती निळी रात्र असते. मूळ रंगीत प्रत सापडली तरच रंग खात्रीने परत आणता येतात.

मूकपट ‘मूक’ही नव्हते. पडद्यासमोर पियानो, पेटी-तबला किंवा संपूर्ण वाद्यवृंद असे. आज डिस्कसाठी नवे संगीत करून घेतले जाते आणि त्यावर चित्रपटाचा परिणाम बराच अवलंबून असतो.

हक्क कोणाचा?

अमेरिकेत १९२९ मध्ये प्रदर्शित चित्रपटांवरील स्वामित्वहक्क १ जानेवारी २०२५ रोजी संपले. म्हणजे हॉलीवूडचा मूकपटांचा काळ जवळपास पूर्णपणे मुक्त झाला आहे. चॅप्लिन यांच्या ‘सिटी लाइट्स’ला (१९३१) मात्र २०२७ पर्यंत थांबावे लागेल. भारतात चित्रपटाला प्रदर्शनानंतर ६० वर्षांचे संरक्षण असल्याने सर्व भारतीय मूकपट मुक्त आहेत.

याचा फायदा जसा आहे, तसा तोटाही. कोणीही हे चित्रपट दाखवू शकतो, त्यामुळे यूट्यूबवर निकृष्ट, अपुऱ्या, चुकीच्या वेगाच्या प्रतींचा सुळसुळाट होतो. नव्या प्रतीवर मोठा खर्च करणाऱ्याला मात्र केवळ नव्या संगीताचे आणि स्वतः केलेल्या कामाचे संरक्षण मिळू शकते, मूळ चित्रपटाचे नाही. त्यामुळे चांगल्या रिस्टोरेशनमागे बहुधा सार्वजनिक संस्था, प्रतिष्ठाने किंवा लोकवर्गणी असते.

भारतीय मूकपटांचे काय?

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन थिएटरमध्ये प्रेक्षकांसाठी खुला झाला. चार रिळांच्या या चित्रपटाची आज पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. तीही १९१३ ची नसून फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्ण साकारलेला ‘कालिया मर्दन’ (१९१९) बराचसा उपलब्ध आहे. याचे श्रेय संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांच्याकडे जाते. १९६४ मध्ये संग्रहालय स्थापन झाले तेव्हा मूकपटांचे युग संपून तीन दशके उलटली होती. नायर यांनी फाळके यांच्या कुटुंबीयांसह अनेकांची दारे ठोठावून रिळे गोळा केली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) मात्र हाती लागला नाही. शेतकऱ्याच्या कर्जाची कहाणी सांगणारा हा मूकपट आज छायाचित्रे आणि आठवणींपुरता उरला आहे.

जे सर्वात चांगल्या अवस्थेत घरी पाहता येतात, त्यांची कथा वेगळी आहे. हिमांशू राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांचे ‘शिराझ’ (१९२८) आणि ‘प्रपंच पाश’ (१९२९) भारतात, भारतीय कलाकारांसह चित्रित झाले. पण निर्मितीत युरोपीय भागीदार असल्याने त्यांची सामग्री ब्रिटनमध्ये टिकली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ‘प्रपंच पाश’ला नितीन साहनी यांचे, तर २०१७ मध्ये ‘शिराझ’ला अनुष्का शंकर यांचे संगीत देऊन ते नव्याने सादर केले. ‘शिराझ’ची ही आवृत्ती मुंबईसह भारतातील शहरांत दाखवली गेली आणि पुढे डिस्कवर आली. कोलकात्यात बनलेल्या ‘बिल्वमंगल’चा (१९१९) उरलेला ५९४ मीटरचा भागही पॅरिसच्या संग्रहात सापडला. पुण्याच्या संग्रहालयाने २०१६ मध्ये त्याची डिजिटल प्रत मिळवली, बदल्यात ‘जमाईबाबू’ (१९३१) या मूकपटाची प्रत पॅरिसला दिली.

या उदाहरणांतून एक सूत्र दिसते. ज्या चित्रपटांच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी गेल्या, ते वाचले. भारतात अमेरिका-युरोपसारखी घरगुती प्रतींची बाजारपेठ उभी राहिली नाही. थिएटरची प्रत गेली की मागे काहीच उरले नाही.

‘एआय’ने काम सोपे होईल का?

२०२० मध्ये ल्युमिए बंधूंच्या स्थानकात शिरणाऱ्या रेल्वेच्या चित्रपटाची ‘एआय’ने ‘फोर के’ आणि सेकंदाला ६० फ्रेमची केलेली आवृत्ती जगभर गाजली. हाच चित्रपट जुलै १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलमधील पहिल्या खेळात होता. नवी आवृत्ती गुळगुळीत दिसते, पण त्यातील प्रत्येक सेकंदातल्या बहुसंख्य फ्रेम कॅमेऱ्याने टिपलेल्याच नाहीत. त्या संगणकाने अंदाजाने भरल्या आहेत. डाग शोधणे, थरथर मोजणे अशा कामांत ‘एआय’ उपयोगी आहे. चेहऱ्याचा पोत किंवा कपड्यांचा रंग ते ‘भरून’ देऊ लागले की तो जतनाचा नाही, नवनिर्मितीचा भाग होतो. मूळ स्कॅन वेगळा आणि न बदलता ठेवला असेल तरच असे प्रयोग निर्धोक ठरतात.

चांगली प्रत कशी ओळखायची?

प्रेक्षकाला काही गोष्टी सहज तपासता येतात. कोणत्या संग्रहातील प्रत वापरली, कोणत्या वेगाने दाखवली आणि किती लांबी गहाळ आहे हे सुरुवातीच्या पाटीवर दिलेले असेल तर आवृत्ती जबाबदारीने केलेली समजावी. चित्र जवळपास चौकोनी दिसले पाहिजे. टीव्हीने ते ताणून रुंद केले असेल तर ती सेटिंग बंद करावी, तसेच हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंगही. काही मर्यादा मात्र घरी राहणारच. ‘नेपोलियन’च्या शेवटी तीन पडदे शेजारी शेजारी उघडतात. नेहमीच्या टीव्हीवर तो भव्य प्रसंग पडद्याच्या निम्म्याहून कमी उंचीची पट्टी होतो.

पुढे काय?

केंद्र सरकारने २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाअंतर्गत सुमारे २,२०० चित्रपटांच्या रिस्टोरेशनसाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा केली. त्याच वर्षी पुण्याचे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. एवढ्या मोठ्या यादीत तीसच्या आतले मूकपट संख्येने नगण्य आहेत. पण खर्चाच्या दृष्टीनेही ते नगण्यच ठरतील, कारण त्यातले अनेक काही मिनिटांचेच आहेत.

डिस्क निघाली म्हणजे चित्रपट वाचला, असे मात्र नाही. डिजिटल फाइल ठराविक वर्षांनी नव्या टेपवर उतरवावी लागते, कारण नवी यंत्रे जुन्या टेप वाचत नाहीत. थंड, कोरड्या खोलीतील पॉलिएस्टर फिल्म त्याहून भरवशाची. म्हणून जबाबदार संस्था मूळ रीळ, नवी फिल्म आणि डिजिटल स्कॅन असे तिन्ही जपतात.

घरी पोहोचणारी प्रत या जतनाला पर्याय नाही, पण तिचे काम वेगळे आहे. नाव, वेग, लांबी आणि स्रोत यांसह नीट तयार केलेली ‘कालिया मर्दन’ची प्रत मराठी पाट्या आणि संगीतासह घरोघरी गेली, तर लोक त्या काळाचे आणखी काही शोधू लागतील. कोणाच्या तरी जुन्या वाड्यात, बंद पडलेल्या थिएटरच्या अडगळीत एखादा गंजलेला डबा अजून असू शकतो. तो भंगारात जाईल की संग्रहालयात, हे त्यात काय आहे ते घरच्यांना ओळखता येते की नाही, यावर अवलंबून आहे. नायट्रेट मात्र तोवर थांबणारे नाही.